तुमचे बंधू आणि काळ्या डोक्याचा खंड्या

तीर्थरूप वन्सं,

तुम्हाला तुमच्या धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं. प्रत्यक्षात गेला आठवडाभर माझी कंबर वाकत नाही. त्याचं कारण पुढे ओघात येईलच.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघ्याला शेक देता का, की गरम पाण्याची पिशवी मांजराला देऊन तुम्ही स्वतः तशाच बसता? नवीन कवळी नीट बसली का? मागच्या फोनवर तुम्ही 'स' म्हणालात की बारीक शिट्टी वाजत होती, आणि तुम्हाला बोलण्यात 'संसार' आणि 'सत्यानाश' हे दोन शब्द फार लागतात, म्हणून काळजी वाटते. तुम्ही विणून पाठवलेला स्वेटर पोचला. तुमच्या बंधूंना तो अगदी बेताचा होतो, म्हणजे अंगात जातो, पण गेल्यावर हात पूर्ण खाली येत नाहीत. तरी ते तोच घालतात. म्हणतात, ताईला कसं कळलं कोण जाणे, कॅमेरा धरायला हात असेच वर लागतात.

कॅमेऱ्याचा विषय निघालाच आहे, तर सगळं पहिल्यापासून सांगते. नाहीतर तुम्हाला ते इकडून तिकडून कळेल, आणि इकडून तिकडून कळलेलं तुम्ही शाळेत इतिहास शिकवत होतात तेव्हापासून खपवून घेत नाही.

तुम्हाला माहीतच आहे, यांनी सगळी नोकरी लिफ्ट तपासण्यात घालवली. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं, मान वर करायची आणि दोरखंडाकडे बघत उभं राहायचं. कुठे काही करकरतंय का ते ऐकायचं, आणि कोणी बोललं तर बोट वर करून गप्प बसवायचं. लग्नानंतर कितीतरी वर्षं मला वाटायचं, हे माझ्यावर रागावलेत. नंतर कळलं की ते छताकडे बघून पंखा ऐकतायत. निरोपसमारंभात ऑफिसच्या लोकांनी यांना कॅमेरा दिला. (द्यायचं घड्याळ होतं, पण घड्याळाचं दुकान त्या दिवशी बंद निघालं आणि शेजारचं उघडं होतं. इतक्या साध्या गोष्टीवर माझं पुढचं सगळं आयुष्य ठरावं, याचं मला अजून नवल वाटतं.) कॅमेरा कपाटात गेला आणि हे खिडकीशी जाऊन उभे राहिले. सकाळी दाढी करायची, ऑफिसचा सदरा चढवायचा आणि खिडकीशी उभं राहायचं. समोरच्या इमारतीची लिफ्ट काचेची आहे. ती वर गेली की यांची मान वर, खाली आली की खाली. जेवताना मीठ हवं का विचारलं, तर उत्तर येईपर्यंत माझं ताट घासून व्हायचं. माझं शिवणाचं मशीन त्याच खिडकीखाली आहे. दिवसभर मशीनचा आवाज तेवढा, बाकी घरात शब्द नाही. मी गिऱ्हाइकांशी गरजेपेक्षा जास्त बोलायला लागले. एका बाईंचं माप मी इतक्या गप्पा मारत घेतलं की त्यांचा एक हात दुसऱ्यापेक्षा आखूड शिवला गेला.

शेवटी मीच एक दिवस कॅमेरा काढून यांच्या हातात दिला आणि म्हटलं, नुसतं बघताय तर फोटो तरी काढा. त्यांनी काढले. समोरच्या लिफ्टचे काढले, लिफ्टवर बसलेल्या कबुतरांचे काढले, आणि एक कबूतर उडून समोरच्या बाल्कनीत गेलं तेव्हा त्याच्या मागोमाग कॅमेराही बाल्कनीत गेला. तिथल्या बाई केस वाळवत होत्या. त्या संध्याकाळी त्या केस बांधून आमच्याकडे आल्या. यांनी त्यांना मोठ्या मनाने फोटो दाखवला आणि 'तुम्ही कबुतराच्या मागे आलाय, त्यामुळे अस्पष्ट आहात' असं समजावून सांगितलं. बाई गेल्यावर मी ठरवलं की या माणसाला जिथे बाल्कनी नाही अशा ठिकाणी न्यायला हवं.

तशी एकच जागा होती, समुद्राच्या भिंतीला लागून असलेली बाग. तुम्ही आलात तेव्हा ती व्हायची होती. एका अंगाला फुलांचे वाफे आहेत, ते फुलपाखरांसाठी. दुसऱ्या अंगाला खाडीचा चिखल आणि खारफुटी, ते पक्ष्यांसाठी. मधून लाकडी फळ्यांची वाट आहे, ती माणसांसाठी. ही वाटणी पक्षी आणि फुलपाखरं कसोशीने पाळतात.

पहिले काही दिवस हे रोज घरी येऊन मला फोटो दाखवायचे आणि मी चष्मा लावून बघायचे. 'हा बगळा.' मी म्हणायची, कुठाय? 'आत्ता होता.' नुकताच पक्षी उडून गेलेल्या फांद्यांचा एवढा मोठा संग्रह दुसऱ्या कोणाकडे असेल असं मला वाटत नाही. मग यांनी फुलपाखरांकडे मोर्चा वळवला, कारण ती जमिनीच्या जवळ असतात. हा हिशोब चुकला. फुलपाखरू जमिनीच्या जवळ असतं म्हणून माणसालाही जमिनीच्या जवळ जावं लागतं. एका सकाळी एका नारिंगी, काळ्या काठाच्या फुलपाखरामागे हे वाफ्यांतून रांगत निघाले. दोन वाफे ओलांडले, तिसऱ्यात माळ्याने नुकतंच पाणी सोडलं होतं, तोही ओलांडला, आणि शेवटी ते फुलपाखरू एका बाकावर डुलकी काढणाऱ्या गृहस्थांच्या टकलावर बसलं. यांनी कॅमेरा टकलापासून वीतभर अंतरावर नेला. मी मागून यांचा स्वेटर ओढत होते. एवढ्यात त्या गृहस्थांनी डोळे उघडले. समोर काचेचा एक भला मोठा डोळा आणि त्यामागे चिखलाने माखलेला माणूस. दुसरा कोणी असता तर बोंबलत उठला असता. हे गृहस्थ जराही हलले नाहीत. अगदी हळू म्हणाले, 'बसलंय अजून?' हे म्हणाले, 'आहे.' ते म्हणाले, 'मग हाताचा कंप थांबवा, श्वास सोडून झाला की बटण दाबा.'

ते निवृत्त शल्यचिकित्सक निघाले. बागेत त्यांना सगळे नुसतं सर्जन म्हणतात. तिथे फोटो काढणाऱ्यांचं एक टोळकं आहे, त्याचे ते मुख्य. ते सकाळी फळ्यांच्या वाटेवरून वॉर्डात फेरी मारावी तसे चालतात, मागून बाकीचे, आणि मध्येच थांबून एखाद्या बगळ्याकडे बघत 'काल बरा होता' असं म्हणतात. त्या दिवसापासून हे टोळक्यात सामील झाले. त्या सगळ्यांकडे हातभर लांबीच्या, तोफेसारख्या भिंगांचे कॅमेरे आहेत. यांच्याकडे ऑफिसने दिलेला आहे. पण यांना स्थिर उभं राहता येतं, तेवढं त्यांच्यात कोणाला येत नाही. आयुष्यभर लिफ्टच्या खड्ड्यात तेच केलं होतं. वन्सं, माणूस बोलायला लागला. संध्याकाळी मला शेकाट्या पक्ष्याचे पाय आणि तुतारी पक्ष्याची चोच यांच्यावर व्याख्यानं मिळू लागली. मी मशीन चालवता चालवता हूं हूं करायची. मिठाचं उत्तर वेळेवर यायला लागलं. मी मनातल्या मनात त्या बंद घड्याळवाल्याचे आभार मानले.

(आभार मानण्याची घाई केली. पुढे वाचा.)

टोळक्यात मलाही काम लागलं. कॅमेरा ठेवायची तिवई, घडीचं स्टूल, छत्री, पाणी, उकडलेली अंडी, हे सगळं उचलायला कोणीतरी हवं, आणि बाकीच्यांच्या बायका शहाण्या होत्या. शिवाय यांच्यासाठी मी एक खास पोशाख शिवला. एका दवाखान्याच्या पडद्यांचं मळकट हिरवं कापड उरलं होतं, त्याची विजार आणि कोट केला. उरलेल्या चिंध्या टोपीला अशा टाचल्या की लांबून वाळकं गवत वाटावं. तो घालून हे पहिल्यांदा खारफुटीजवळ बसले, तेव्हा मी पाणी घेऊन त्यांच्या शेजारून दोनदा पुढे गेले. मला स्वतःच्या शिवणाचा एवढा अभिमान आजवर वाटला नव्हता.

आता मुख्य गोष्टीकडे येते. टोळक्यात गेली काही वर्षं एकाच पक्ष्याचा ध्यास आहे. काळ्या डोक्याचा खंड्या. आपला नेहमीचा निळा खंड्या तारेवर कुठेही दिसतो, पण हा खाडीकाठचा आणि फार दुर्मीळ. या बागेत तो कोणाला दिसला नव्हता. तर एका सकाळी मला शिवण होतं म्हणून हे एकटे गेले, आणि थोड्या वेळाने धापा टाकत परत आले. चपला न काढता थेट माझ्या कापून ठेवलेल्या कापडावर उभे राहिले आणि म्हणाले, 'मी पाहिला.' डोकं काळं, गळ्याशी पांढरी पट्टी, पाठ जांभळट निळी, चोच लाल. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की माप द्यायला आलेल्या गिऱ्हाईक बाईंनी तो आपल्या झग्याचा नमुना समजून 'चोच नको' असं सांगितलं. मी विचारलं, फोटो? तर यांनी भिंतीकडे बोट केलं. कॅमेऱ्याची बॅटरी घरी भिंतीला चार्ज होत होती. मीच लावून ठेवली होती, पण ते एका अक्षराने बोलले नाहीत. हा तुमच्या घरचा चांगुलपणा.

दुसऱ्या दिवशी यांनी टोळक्याला सांगितलं. सर्जननी रोग्याचं ऐकावं तसं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'फोटो?' फोटो नव्हता. 'मग निळी पिशवी असेल,' सर्जन म्हणाले. सगळे हसले. वाईट हेतूने हसले नाहीत, पण हसले. त्यात टोळक्यातले विमा एजंट (हे पक्ष्यांना त्रास नको म्हणून सतत कुजबुजत बोलतात, घरी बायकोशीही तसंच बोलतात असं ऐकलं) आमच्या यांची बाजू घ्यायला म्हणून शोधत गेले आणि नेमकी त्याच खारफुटीत अडकलेली एक निळी प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. ती त्यांनी यांच्या हातात दिली. यांनी ती घडी घालून खिशात ठेवली आणि घरी आले.

त्यानंतर कॅमेरा कपाटात गेला, रजयांच्या मागे. हे पुन्हा खिडकीशी. समोरची लिफ्ट वर गेली की मान वर. दुसऱ्या दिवशी मीठ विचारलं आणि उत्तर आलंच नाही. वन्सं, तुमच्याशी खोटं कशाला बोलू, मला त्या खंड्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण घरात पुन्हा ती शांतता सुरू झाली, ती मला सोसणार नव्हती. मी रजया उपसून कॅमेरा काढला, बॅटरी भरली, अंडी उकडली आणि म्हटलं, चला, मी तुमच्याबरोबर येते, तो पुन्हा येईल. (पुन्हा येतो की नाही याची मला काय कल्पना. पण बायकोने ठामपणे सांगितलं की यांना खरं वाटतं, ही त्यांची जुनी सवय आहे.)

त्यानंतर रोज जात राहिलो. खंड्या काही आला नाही. टोळकं यांना बघून आदबीने नमस्कार करायचं आणि पिशवीचा विषय काढायचं नाही, ते तर आणखी वाईट. मग गेल्या आठवड्यात एके दिवशी सकाळी पूर्ण ओहोटी होती, चिखल लांबवर उघडा पडला होता, आणि हे म्हणाले, 'वाटेवरून काही दिसणार नाही. मी आत जाऊन बसतो.' आत जायला मनाई आहे, तशी पाटी आहे, पाटीखाली रखवालदार बसतो आणि त्याच्या गळ्यात शिट्टी आहे. पण तो पडद्याच्या कापडातला पोशाख इतका फर्मास झालाय की हे रखवालदाराच्या समोरून चिखलात उतरले आणि त्याला पत्ता लागला नाही. घडीचं स्टूल घेऊन, चिखल तुडवत, खारफुटीच्या एका झुडपापाशी जाऊन बसले. मी वाटेवर उभी. टोळकं माझ्या मागेच, उंचावरच्या लाकडी आडोशात, तोफा रोखून.

बराच वेळ काही झालं नाही. मग आडोशातून एक विचित्र आवाज आला, सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतल्यासारखा. विमा एजंट वाकून माझ्या कानात कुजबुजले, 'वहिनी, हलू नका. आलाय.' कुठे, म्हटलं. 'साहेबांच्या टोपीवर.'

खरंच आला होता. पुस्तकातल्या चित्रासारखा देखणा पक्षी, वन्सं. डोकं काळं कुळकुळीत, गळ्याशी पांढरी पट्टी, पाठीवर जांभळट निळा रेशमी रंग, पोट तांबूस आणि चोच लालभडक. एवढ्या मोठ्या खाडीत त्याला बसायला सगळ्यात पसंत पडली ती मी चिंध्या टाचलेली टोपी. खाली तुमचे बंधू, कॅमेरा मांडीवर. त्यांना डोक्यावर काहीतरी बसलंय एवढं कळलं होतं. काय बसलंय ते कळायला मान वर करायला हवी, आणि मान वर केली की ते उडणार. सगळी नोकरी मान वर करण्यात गेलेल्या माणसाला आयुष्यात एकदा वर बघण्यासारखं काही मिळालं, तर ते बघता येईना. डोळ्यांची बुबुळं तेवढी वर गेली होती. इकडे आडोशात शिवणाची चार मशीनं एकदम चालू करावीत तसा कॅमेऱ्यांचा खडखडाट.

आणि तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. भरती लागली होती. खाडीत भरती लाट होऊन येत नाही, ती चिखलातून, पायाशी, कोणाला न सांगता येते. यांच्या स्टुलाचे पाय दिसेनासे झाले होते. मी सर्जनना म्हटलं, डॉक्टर, पाणी चढतंय. ते कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले, 'हो, पण उजेड फार सुंदर आहे.' रखवालदार धावत आला आणि त्याने शिट्टी तोंडाला लावली, तर विमा एजंटनी शिट्टीवर हात ठेवला आणि कुजबुजले, 'दोन मिनिटं.' आयुर्विमा विकणारा माणूस, वन्सं. आमच्या यांचा विमाही त्यांनीच उतरवलाय. पाणी यांच्या गुडघ्याला लागलं होतं. यांना पोहता येत नाही हे तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे. ओरडावं तर तो पक्षी उडणार, आणि त्यांनी निळी पिशवीच पाहिली होती असं जन्मभर राहणार. (तोवर फोटो ढिगाने निघाले होते हे माझ्या डोक्यातच आलं नाही.) न ओरडावं तर नवरा जाणार. मी चपला काढल्या आणि उतरले.

चिखलातून चालणं म्हणजे काय ते मी तुम्हाला लिहून सांगू शकत नाही. एक पाय काढावा तर दुसरा आणखी खाली. झगा कमरेला खोचून, दोन्ही हात पसरून, अजिबात आवाज न करता मी त्यांच्यापर्यंत गेले. जवळ जाऊन हळूच म्हटलं, उठा, पाणी आलंय. हे ओठ न हलवता म्हणाले, 'बसलाय अजून?'

मी म्हटलं, आहे.

'चोच कसली आहे?'

'लाल.'

वन्सं, तुम्ही त्यांचा चेहरा पाहायला हवा होता. लग्नाच्या दिवशीही मी तो असा पाहिला नव्हता. पाणी मांडीपर्यंत, कॅमेरा हळूहळू छातीशी आलेला, मान ताठ, डोळे वर, आणि ओठांच्या कडेला लहान मुलाचं हसू. म्हणाले, 'म्हणजे पिशवी नव्हती.' मी म्हटलं, नव्हती, आता उठा. म्हणाले, 'अजून जरा वेळ.' मग मीही त्यांचा हात धरून उभी राहिले. किती वेळ ते विचारू नका. पाणी कमरेला लागलं, डोक्यावर काहीतरी फडफडलं, आडोशातून 'गेला' असा उसासा आला, आणि आम्ही दोघं उठायला गेलो तर स्टूल चिखलात रुतलेलं, यांचा पाय स्टुलात, माझा पाय यांच्या पायाखाली. दोघंही पाण्यात बसलो. कॅमेरा मात्र वर राहिला, कारण कोटाच्या आत तुमचा स्वेटर होता आणि त्यात हात वरच असतात. पुढे रखवालदाराने फळी टाकली, दोर टाकला, सर्जन आणि एजंटनी ओढलं. माझी कंबर तेव्हा लचकली. काठावर आल्यावर रखवालदाराने इतका वेळ दाबून ठेवलेली शिट्टी आमच्या तोंडासमोर मनसोक्त वाजवली आणि मग पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. आम्ही चिखलातच उभे राहून ऐकली. बरोबरच होतं त्याचं.

टोळक्याने यांची माफी मागितली का, असं तुम्ही विचाराल. सर्जन पुढे आले, यांचा हात हातात घेतला, नाडी बघितली, आणि म्हणाले, 'ठीक आहे.' त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप. मग बागेच्या तिकीटखोलीत दरवर्षीसारखं फोटोंचं प्रदर्शन भरलं. मध्यभागी सर्जनचा फोटो, दारातून शिरल्या शिरल्या दिसेल असा. खंड्या अगदी जिवंत. खाली टोपीच्या चिंध्या, थोडासा कान, आणि तिथेच फोटो कापून टाकलेला. त्याखाली सुरेख अक्षरात लिहिलेलं: 'जुन्या खुंटावर विसावलेला काळ्या डोक्याचा खंड्या.' मी ते वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सर्जनना शोधायला निघाले. तोवर फोटोपुढे गर्दी जमली होती, एक बाई आपल्या मुलीला सांगत होत्या, बघ, कुजलेल्या लाकडावर कसा बसलाय. आणि मागून तुमचे बंधू अगदी नम्रपणे म्हणाले, 'कुजलेलं नाही. ते मी आहे.'

बाईंनी आधी फोटो बघितला, मग यांचा कान बघितला, मग हसू आवरेना. मग सगळी खोली हसायला लागली, आणि हे सगळ्यांत मोठ्याने. यांना एवढ्या मोठ्याने हसताना मी फार दिवसांनी ऐकलं, शोधायला निघालेली मी दारातच थांबले. सर्जन कानापर्यंत लाल झाले, त्यांनी पेन काढलं आणि ओळीखाली लिहिलं: 'खुंट: आमचे मित्र.' आता बागेत यांना सगळे खुंटराव म्हणतात. लहान मुलं येऊन कान बघून जातात. यांनी ती टोपी धुवायला मला मनाई केली आहे, आणि घरात तिचा वास किती येतो हे मी तुम्हाला सांगत नाही.

असं सगळं आहे. हे पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे आठ दिवस येणार म्हणतात, तुमच्या मागच्या दाराशी तळं आहे ना, म्हणून. मी कंबर धरून घरीच आहे. तुमच्या मांजराला तेवढे दिवस आत ठेवा. त्यालाही आणि पक्ष्यांनाही बरं. गुडघ्याला जपा, कवळीचं काय झालं ते कळवा, आणि या पत्रात लहानमोठं काही चुकलं असेल तर शाळेतल्यासारखं लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवू नका, मला ओशाळल्यासारखं होतं.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. एक मागणं आहे, खरं तर त्यासाठीच एवढं लिहिलं. हे तुमच्याकडे आले की खंड्याची गोष्ट सांगतील. त्यांच्या सांगण्यात थोडा फरक पडायला लागलाय. परवा एजंटना सांगताना म्हणाले की मांडीवरच्या कॅमेऱ्याच्या काचेत त्यांना खंड्याचं प्रतिबिंब दिसलं होतं. काल माळ्याला सांगताना ते चांगलंच स्पष्ट दिसलं होतं. तुमच्याकडे येईपर्यंत त्यांनी तो समोरासमोर पाहिलेला असेल. तुम्ही फक्त हो म्हणा. काच कुठल्या कोनात होती, उजेड कुठून येत होता, असलं काही विचारू नका. तुम्हाला उलटतपासणीची सवय आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

ता. क. दुसरं. वर मी पक्ष्याचं जे वर्णन केलंय, पोट तांबूस वगैरे, ते प्रदर्शनातल्या फोटोवरून लिहिलंय. त्या दिवशी मीही तो पाहिला नाही. वाटेवर असताना मी पाण्याकडे बघत होते आणि जवळ गेल्यावर यांच्या तोंडाकडे. 'आहे' म्हटलं ते अंदाजाने, आणि 'लाल' म्हटलं ते यांनीच पाठ करून घेतलं होतं म्हणून. सगळ्या बागेने पाहिला, आम्हा दोघांना सोडून. हे तुमच्यापाशीच ठेवा.

ता. क. तिसरं. आत्ता हे आत आले, काय लिहितेस विचारलं. मी म्हटलं, वन्संना तुमच्या येण्याचं कळवतेय. म्हणाले, 'ताईला लिही, चोच लाल होती. आणि मी सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही, म्हणून तिला सांग, तू अगदी जवळून पाहिलीस.' मी म्हटलं, लिहिते. तेव्हा लिहिलं आहे.